चाळीसपैकी अकरा

जुन्या कागदांचा एक गठ्ठा रद्दीत टाकण्याआधी चाळत होते, तेव्हा कॉलेजच्या पहिल्या वर्षातली चाचणी परीक्षेची उत्तरपत्रिका हाती लागली. कागद कडांना पिवळा पडला होता, बांधलेल्या दोऱ्याची गाठ मात्र अजून घट्ट होती. वरच्या उजव्या कोपऱ्यात लाल शाईच्या वर्तुळात ११ आणि खाली रेघ ओढून ४० असे लिहिलेले होते. मी ते वाचले, पान उलटून आतल्या गुणांची बेरीज करून पाहिली आणि पुन्हा पहिल्या पानावर आले. बेरीज बरोबर होती. खटकले ते वेगळेच. भौतिकशास्त्राच्या त्या पहिल्या चाचणीत मला ४० पैकी १८ गुण मिळाले होते, असे मी कित्येक वर्षे सांगत आले आहे. नव्याने कॉलेजात गेलेली, पहिल्याच परीक्षेने खचलेली मुले भेटली की मी हा आकडा मुद्दाम सांगते. मलाही कमी पडले होते, १८ पडले होते, आणि तरीही पुढे सगळे नीट झाले, असे म्हणते. ते सांगताना मी खोटे बोलते आहे असे मला एकदाही वाटले नाही. डोळ्यांसमोर खरोखर १८ हाच आकडा येत असे, लाल शाईतला, वर्तुळातला.

सात गुण मी कुठून आणले?

स्मरणशक्ती स्वतःच्या बाजूने झुकते, हे मला वाचून ठाऊक होते. मानसशास्त्रज्ञ हॅरी बाहरिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला एक अभ्यास आहे. त्यांनी ९९ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना त्यांच्या शाळेतल्या श्रेणी आठवून लिहायला सांगितल्या आणि त्या मूळ नोंदींशी पडताळल्या. एकूण ३,२२० श्रेणी होत्या. सर्वोच्च श्रेणी मिळाली असेल तर ती ८९ टक्के वेळा अचूक आठवली होती. खालची, जेमतेम उत्तीर्ण करणारी श्रेणी मात्र केवळ २९ टक्के वेळा. ज्या चुका झाल्या त्यातल्या बहुतेक वरच्या दिशेने झाल्या होत्या. हे आठवले तेव्हा मला थोडे हायसे वाटले. म्हणजे माझे हे सात गुण काळाने हळूहळू, माझ्या नकळत वाढवले असावेत. दरवर्षी एखादा गुण, कुणालाही न दुखवता. या समाधानात मी एक पूर्ण दिवस काढला. मग राहवेना, म्हणून त्या काळात प्रयोगशाळेत माझ्याच टेबलावर असणाऱ्या मैत्रिणीला फोन केला. इकडचे तिकडचे बोलणे झाल्यावर अगदी सहज विचारल्यासारखे विचारले, की पहिल्या चाचणीत मला किती पडले होते, तुला काही आठवते का. ती क्षणभरही थांबली नाही. “अठरा,” ती म्हणाली. “मला सतरा होते ना. एका गुणाने माझ्यापुढे होतीस. मी तुला माझे सांगितले, आणि मग तू तुझे सांगितलेस.”

मी विषय बदलला. फोन ठेवल्यावर मात्र बराच वेळ तशीच बसून राहिले. काळाने काहीही केलेले नव्हते. ते सात गुण मी त्याच दिवशी, वर्गाबाहेरच्या त्या अरुंद जिन्यात, तिचा आकडा ऐकल्यानंतर वाढवले होते आणि बरोबर एका गुणाने पुढे राहीन इतकेच वाढवले होते. नंतर तेच इतक्या वेळा सांगितले की त्याची आठवण झाली.

तेव्हाची मी कशी होते, हे मी आता जरा सावकाश आठवू पाहते. शाळेत मी हुशार मुलगी होते. हे वाक्य मी ‘मी उंच आहे’ किंवा ‘मी डावखुरी आहे’ यासारखे मानत असे. जणू हुशारी ही माझ्या हाडांत असलेली, मोजून पाहता येणारी, जाईन तिथे सोबत येणारी गोष्ट होती. कॉलेजच्या पहिल्या आठवड्यात कळले की त्या वर्गातला जवळजवळ प्रत्येकजण आपापल्या शाळेतला ‘तो हुशार मुलगा’ किंवा ‘ती हुशार मुलगी’ होता. सर फळ्यावर उदाहरण लिहून पूर्ण करण्याआधी मागच्या बाकावरून उत्तर येत असे, आणि ते देणाऱ्याच्या आवाजात विजयाचा लवलेशही नसे. मला आठवतो तो खडूच्या धुळीचा वास, पंख्याचा एका लयीत येणारा कुरकुर आवाज आणि माझ्या वहीत अर्धवट राहिलेली ओळ. मी तीच मुलगी होते, मला येत होते तेवढेच येत होते. भोवतालची खोली मात्र बदलली होती. हर्बर्ट मार्श या शिक्षण-मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात ही गोष्ट पद्धतशीरपणे मांडली. सारख्याच कुवतीचे दोन विद्यार्थी घेतले आणि त्यातल्या एकाला अधिक हुशार मुलांच्या शाळेत बसवले, तर तिथे बसलेल्याचे स्वतःच्या बुद्धीविषयीचे मत खालावते. छोट्या तळ्यातला मोठा मासा ही उपमा त्याने वापरली आणि ती पुढे रूढ झाली. मला त्या उपमेत एक गोष्ट अपुरी वाटते. तळे बदलल्यावर मासा नुसता लहान वाटू लागत नाही. आपण मोठे होतो म्हणजे नेमके काय होतो, हेच त्याला सांगता येईनासे होते. ‘हुशार’ हा शब्द काढून घेतल्यावर माझ्या हातात स्वतःविषयीचा दुसरा शब्दच उरला नाही. मी प्रेमळ आहे का, चिवट आहे का, मला खरोखर कशात रस आहे, हे कधी विचारण्याची वेळच आली नव्हती.

त्या चाचणीत ११ का पडले, याचे उत्तर त्या वेळी मला ‘माझी लायकी नाही’ असे वाटले होते. आज ते फार साधे दिसते. मी नोट्स चार वेळा वाचल्या होत्या. पहिल्यांदा अवघड वाटलेले पान चौथ्यांदा वाचताना इतके ओळखीचे वाटायचे की मला ते येते, अशी माझी पक्की खात्री व्हायची. ओळख आणि ज्ञान यांतली ही गल्लत फार जुनी आणि फार सार्वत्रिक आहे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कारपिक या मानसशास्त्रज्ञांच्या २००६ सालच्या प्रयोगात एका गटाने उतारा चार वेळा अभ्यासला. दुसऱ्या गटाने एकदाच अभ्यासून पुढे तीन वेळा पान मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारले तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर वाचणाऱ्यांना ४० टक्के मजकूर आठवला, पान मिटून लिहिणाऱ्यांना ६१ टक्के. आणि आपल्याला पुढे चांगले आठवेल असा विश्वास अधिक कुणाला होता, तर नुसते वाचणाऱ्यांना. शाळेत मला हे कधीच कळले नसते, कारण तिथे परीक्षा वाचनानंतर लगेच येत असे. मला काय येते हे मला आतून जाणवते, या समजुतीला मिळालेला पहिला धक्का म्हणजे ते लाल वर्तुळ होते. पण धक्क्याने माणूस शिकतोच असे नाही. मी आकडा बदलला.

आणि आकडा बदलण्याची ती पहिली वेळ नव्हती, हे त्याच गठ्ठ्यात खाली सापडलेल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलने मला सांगितले. चाचणीच्या आधी दोन आठवडे आमचा साध्या लंबकाचा प्रयोग झाला होता. एक मीटर दोरीच्या टोकाला पितळी गोळा, तो किंचित बाजूला घेऊन सोडायचा, वीस दोलनांना लागणारा वेळ स्टॉपवॉचवर मोजायचा, त्याला वीसने भागून आवर्तकाल, म्हणजे एकदा जाऊन परत यायला लागणारा वेळ, काढायचा आणि त्यावरून गुरुत्वत्वरण, म्हणजे खाली पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला किती वाढतो तो आकडा. दोरीची लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत धरायची असते, ते आम्ही नीट केले होते. मी गोळा सोडला, तो मधल्या खुणेवरून जाताना ‘एक’ म्हणत घड्याळ चालू केले, आणि त्याच दिशेने ‘वीस’व्यांदा तो तिथे आला तेव्हा थांबवले. ३८.१ सेकंद. पुन्हा केले, ३८.२. मग घड्याळ मैत्रिणीने घेतले. तिचे ४०.२ आले. मी तिला सांगितले की तू बटण उशिरा दाबलेस, तुझा हात जड आहे. ती काही बोलली नाही. मी तिचे पेन्सिलीतले रीडिंग खोडरबराने खोडले आणि पुढची सगळी रीडिंग्ज स्वतः घेतली.

त्या रात्री वसतिगृहाच्या खोलीत, जोडीदारीण झोपलेली असताना, टेबललॅम्प वर्तमानपत्राने झाकून मी गणित केले. उत्तर १०.८८ आले. यायला हवे होते ९.८. दोरी कमी करून घेतलेल्या रीडिंग्जचेही उत्तर १०.८८ च्याच आसपास येत होते. आता विचार करते तेव्हा वाटते, किती स्वच्छ चूक होती ती. जी चूक प्रत्येक लांबीला एकाच प्रमाणात येते, ती स्वतःचे कारण ओरडून सांगत असते. ‘एक’पासून मोजायला सुरुवात केली की वीस म्हणेपर्यंत एकोणीसच दोलने पूर्ण होतात, घड्याळ चालू करताना ‘शून्य’ म्हणायचे असते. पण मी कारण शोधलेच नाही. मला उत्तर माहीत होते. मी ९.८ वरून उलटे गणित करत मागे आले आणि एक मीटरला किती सेकंद यायला हवेत ते काढले. ४०.१.

तो आकडा लिहिताना माझा हात थांबला होता, हे मला आज लख्ख आठवते. त्याच्या शेजारीच, खोडलेल्या पेन्सिलीच्या करड्या डागाखाली, ४०.२ दिसत होते.

म्हणजे मला कळले होते. तिचे रीडिंग बरोबर होते, आणि माझ्यासमोर दोन वाटा होत्या: सकाळी तिला ‘तुझे बरोबर होते’ असे सांगणे, किंवा ४०.१ हे माझ्या नावाने पेनने लिहून टाकणे. मी दुसरी घेतली. दशांशांत थोडा फरक ठेवून तक्ता भरला, उत्तर ९.७९ आणले आणि आलेखाचे बिंदू एका रेषेत येतील पण अगदीच रेषेवर बसणार नाहीत इतके कसब त्यात ओतले. जर्नलवर सही आणि ‘उत्तम’ असा शेरा मिळाला. आज ते पान उघडले, तर तो शेरा अजून ठसठशीत आहे आणि डागाखालचे ४०.२ प्रकाशात तिरके धरल्याशिवाय दिसत नाही.

या प्रसंगाकडे मी खोटेपणा म्हणून पाहत नव्हते. सगळेच रीडिंग जुळवतात, असे म्हणून तो विषय मनातल्या मनात मिटवलेला होता. खरोखरच पुष्कळजण जुळवतात. पण का जुळवतात, हे मला शिक्षण-मानसशास्त्रज्ञ विल्यम पेरी यांच्या कामाविषयी वाचताना उमगले. त्यांनी १९५० आणि १९६० च्या दशकांत हार्वर्डमधल्या विद्यार्थ्यांच्या वर्षानुवर्षे मुलाखती घेतल्या आणि त्यांची विचार करण्याची रीत कशी बदलत जाते याचा आराखडा १९७० साली मांडला. सुरुवातीच्या टप्प्यातला विद्यार्थी असे मानतो की प्रत्येक प्रश्नाचे एक बरोबर उत्तर असते, ते शिक्षकांकडे असते, आणि आपले काम ते हुबेहूब परत करण्याचे असते. पुढे त्याला दिसू लागते की जाणकारांतही मतभेद असतात, पुरावा तोलावा लागतो, संदर्भ पाहावा लागतो. आणि त्याही पुढे, अनिश्चितता मान्य करून स्वतःची बाजू स्वतः निवडावी लागते. या वाटेवर कितीतरी जण मध्येच थबकतात किंवा मागे फिरतात, हेही त्यांनी नोंदवले आहे. मी प्रयोगशाळेत गेले होते तीच मुळी त्या पहिल्या टप्प्यावरून. माझ्या लेखी लंबक हा प्रश्न नव्हताच, ९.८ हे उत्तर होते, आणि लंबकाने ते दिले नाही तर चूक लंबकाची होती, घड्याळाची होती, मैत्रिणीच्या हाताची होती.

लंबकाचीच आणखी एक हकिगत मला नंतर वाचायला मिळाली आणि ती मी विसरू शकलेले नाही. १६७२ साली ज्याँ रिशे हा फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ दक्षिण अमेरिकेतल्या, विषुववृत्ताजवळच्या कायेन इथे निरीक्षणांसाठी गेला होता. पॅरिसमध्ये अचूक चालणारे लंबकाचे घड्याळ तिथे दिवसाला सुमारे अडीच मिनिटे मागे पडू लागले. ते नीट चालावे म्हणून त्याला लंबक किंचित आखूड करावा लागला. तीन मिलिमीटरही नाही, इतका किंचित. घड्याळ प्रवासात बिघडले असेल, उष्णतेने धातू प्रसरण पावला असेल, असे म्हणून हा फरक बाजूला सारणे किती सोपे होते. त्याने तो लिहून ठेवला. पुढे न्यूटनने पृथ्वी विषुववृत्तावर फुगीर आहे या आपल्या मांडणीसाठी ज्या पुराव्यांचा आधार घेतला, त्यात रिशेच्या त्या आखूड लंबकाची, म्हणजे तिथे गुरुत्वाची ओढ किंचित कमी असल्याची, नोंद होती. मला रिशेच्या शोधापेक्षा त्याची ती संध्याकाळ पाहावीशी वाटते: दिवसभराची नोंद करून झाली आहे, आकडा अपेक्षेपेक्षा वेगळा आला आहे, भोवती कुणी पाहणारे नाही, आणि त्याने तो आहे तसा वहीत उतरवला आहे.

भोवती कुणी पाहणारे नाही असे मी म्हणते आहे खरी. पण त्या वयात आपल्याला सगळे पाहत आहेत असेच वाटत असते. कॉर्नेल विद्यापीठातल्या टॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत एका विद्यार्थ्याला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून इतरांनी भरलेल्या खोलीत पाठवले जाई. खोलीतल्या जवळपास निम्म्या जणांचे लक्ष गेले असेल, असा त्याचा अंदाज असे. प्रत्यक्षात सुमारे पाव जणांचेच गेलेले असे. मी ११ लपवले ते असेच, साऱ्या वर्गाची नजर माझ्या कागदावर आहे या भावनेने. वर्गाला काही घेणेदेणे नव्हते. पण एक मुलगी खरोखर पाहत होती, माझ्याच टेबलावरून, आणि तिच्याकडे मी पाहिलेच नव्हते.

कॉलेजात माणूस स्वतःला ओळखतो असे म्हणतात, तेव्हा एखादा आरसा तिथे आधीच टांगलेला असतो आणि आपण त्याच्यासमोर जाऊन उभे राहतो असे चित्र डोळ्यांसमोर येते. मला ते पटत नाही. तिथे आपण एकमेकांच्या नोंदी करत असतो, दिवसभर, आणि बहुतेक वेळा अडाणी हाताने. कुणीतरी सहज म्हणते, तू गर्दीत चांगली बोलतेस, आणि ती मुलगी पुढे आयुष्यभर बोलण्याच्या वाटेने जाते. कुणीतरी म्हणते, तुझा आवाज बसका आहे, आणि एक गाणे कायमचे थांबते. मीही त्या वर्षांत कितीतरी खऱ्या गोष्टी शिकले. एकटीने आजारपण काढता येते, हे कळले. न आवडणाऱ्या माणसाशीही एका खोलीत दोन वर्षे सभ्यपणे राहता येते, आणि तिसऱ्या वर्षी त्याच माणसाला निरोप देताना रडू येते, हेही कळले. मी सकाळी चांगली विचार करते, रात्री वाईट, हे मला तिथे कळले आणि ते आजही उपयोगी पडते. पण त्या मापांमध्ये काही चुकीची मापेही होती, ती मी कधी तपासली नव्हती. दुसऱ्यांना दिलेली मापे तर मुळीच नाही.

म्हणून आठवड्याने मी मैत्रिणीला पुन्हा फोन केला. आधी ११ गुणांचे सांगितले. ती हसली नाही, रागावलीही नाही. “बरं झालं तेव्हा नाही सांगितलंस,” ती म्हणाली. “तू अकरा आणि मी सतरा, हे तेव्हा मला खरंच वाटलं नसतं.” यात मला क्षमा केली होती की आणखी काही होते, ते मला अजून नक्की सांगता येत नाही. मग मी लंबकाचे सांगितले. जर्नल समोर उघडे होते, पान खिडकीकडे तिरके धरून मी तिला तो डागाखालचा आकडा वाचून दाखवला. तिकडे बराच वेळ शांतता होती. मला वाटले, तिला तो प्रयोग आठवतच नसावा.

“तुझ्या लक्षात आलं होतं का गं,” ती शेवटी म्हणाली, “की त्यानंतर मी कधी स्टॉपवॉच हातात घेतलंच नाही? पूर्ण तीन वर्षं. रीडिंग तू घ्यायचीस, मी लिहून घ्यायचे. माझा हात जड आहे ना. मुलाच्या शाळेत धावण्याच्या शर्यतीला वेळ मोजायला बोलावलं होतं, तेव्हाही मी नाही म्हटलं. हात जड आहे म्हणून सांगितलं.”

मला काही बोलता येईना. मी पानावरच्या त्या करड्या डागावर बोट फिरवत राहिले. कागद तिथे खोडरबराने झिजून मऊ झाला आहे, आजूबाजूच्या कागदापेक्षा पातळ.

“मग तुझं अडतीस कसं आलं होतं?” तिने विचारले.

“मी एकपासून मोजत होते.”

“आणि मी?”

“तू शून्यापासून.”

पलीकडून एक दीर्घ श्वास ऐकू आला. मग ती अगदी हळू आवाजात, स्वतःशीच बोलल्यासारखी मोजू लागली: शून्य, एक, दोन.